ओपन वॉटरनंतरची यादी

स्कूबा डायव्हिंगच्या ओपन वॉटर या पहिल्या कोर्सचं कार्ड मिळालं की डायव्हर म्हणून आपण १८ मीटरपर्यंत जायला मोकळे होतो. ते कार्ड घरात कौतुकाने फिरून होईपर्यंत पुढच्या कोर्सची यादी समोर येते: नायट्रॉक्स (जादा ऑक्सिजनचं मिश्रण), डीप, रेक (बुडालेली जहाजं), नाइट, ड्रिफ्ट (प्रवाहासोबत वाहणं), नेव्हिगेशन (दिशा शोधणं), बॉयन्सी (पाण्यात स्थिर लटकणं), सर्च अँड रिकव्हरी, मासे ओळखण्याचा कोर्स, फोटोग्राफी, ड्राय सूट (थंड पाण्यासाठीचा), अगदी बर्फाखालचं डायव्हिंगसुद्धा. मी राहते दादरला. ड्राय सूट आणि बर्फ तिथल्या तिथे बाद झाले. उरलेल्यांचं काय करायचं, हे ठरवायला मात्र मला बराच काळ लागला, कारण ज्याला विचारावं तो स्वतः केलेला कोर्स कसा जीवनावश्यक आहे हेच सांगत होता.

आधी ॲडव्हान्स्ड केला. या नावाचा दबदबा जास्त आणि ऐवज कमी, असं माझं मत आहे. पॅडी या प्रशिक्षण संस्थेच्या ॲडव्हान्स्डमध्ये पाच डाइव्ह असतात. डीप आणि नेव्हिगेशन सक्तीचे, तीन आपल्या आवडीचे. प्रत्येक विषयाची एकेक चव मिळते आणि ३० मीटरची परवानगी हाती येते. यातली प्रत्येक डाइव्ह त्या त्या स्पेशालिटीची, म्हणजे एकाच विषयाच्या कोर्सची, पहिली डाइव्ह म्हणून धरता येते, हे मात्र फारसं कुणी आपणहून सांगत नाही. विचारलं तर पुढच्या कोर्समधली एक डाइव्ह वाचते. एसएसआय किंवा नाउई या दुसऱ्या संस्थांकडेही स्पेशालिटी कोर्स आहेत. पुस्तकं वेगळी, पाणी तेच.

माझी गरज साधी होती. गटात माझी हवा सगळ्यांच्या आधी संपायची आणि गाइडच्या पायातली पिवळी फिन नजरेआड झाली की आपण कुठे आहोत याचा मला पत्ता नसायचा. म्हणून बॉयन्सी आणि नेव्हिगेशन. नायट्रॉक्स घेतला, कारण त्याचा अभ्यास घरी बसून होतो. आणि डीप घेतला, तो खरं सांगायचं तर हौस म्हणून.

पण त्याआधी फॉर्म. प्रत्येक कोर्सच्या सुरुवातीला वैद्यकीय प्रश्नावली भरावी लागते आणि त्यात ठरावीक प्रश्नांपैकी एकाला जरी ‘हो’ लिहिलं की डॉक्टरांची सही लागते. मला लहानपणी दमा होता. आमचे फॅमिली डॉक्टर गेली कित्येक वर्षं आमच्या घरातला सर्दी-ताप बघत आले आहेत. त्यांनी फॉर्म उलटसुलट पाहिला आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत विचारलं, “पाण्याखाली? या वयात? कशाला पण?” मग मात्र त्यांनी फॉर्मसोबतच्या डॉक्टरांसाठीच्या सूचना घरी नेऊन वाचल्या, फुप्फुसांची स्पायरोमेट्री करायला लावली आणि रिपोर्ट बघूनच सही केली. फॉर्मवर सरसकट ‘नाही’ लिहून मोकळे होणारे लोक मी पाहिले आहेत. वर येताना फुप्फुसात हवा कुठे अडकून राहिली तर ती प्रसरण पावते आणि फुप्फुस फाटू शकतं. दम्याचा प्रश्न त्यासाठी आहे, कारकुनीसाठी नाही.

नायट्रॉक्सची थिअरी मी बहुतेक लोकलमध्ये वाचली. आपण श्वासात घेतो त्या हवेत साधारण २१ टक्के ऑक्सिजन आणि ७८ टक्के नायट्रोजन. खोल पाण्यात दाबामुळे हा नायट्रोजन रक्तात आणि ऊतींमध्ये विरघळत जातो. फार विरघळला आणि माणूस झपकन वर आला तर त्याचे बुडबुडे होतात. नायट्रॉक्समध्ये ऑक्सिजन वाढवून नायट्रोजन कमी केलेला असतो. सर्रास वापरली जातात ती ३२ आणि ३६ टक्क्यांची मिश्रणं. फायदा वेळेचा. पॅडीच्या टेबलप्रमाणे साध्या हवेवर ३० मीटरला राहायला २० मिनिटं मिळतात. ३२ टक्क्यांवर तीच साधारण अर्ध्या तासावर जातात. नायट्रॉक्सने जास्त खोल जाता येतं हा समज मी अनेकांच्या तोंडून ऐकला आहे. तो उलटा आहे.

कारण ऑक्सिजनही दाबाखाली विषारी होतो. समुद्रसपाटीला दाब साधारण १ बार. दर दहा मीटरला आणखी १ बार. म्हणजे ४० मीटरवर ५ बार. तिथे ३२ टक्क्यांच्या मिश्रणातल्या ऑक्सिजनचा वाटा होतो ५ गुणिले ०.३२, म्हणजे १.६ बार. शिकवली जाणारी मर्यादा १.४ ची. त्यापलीकडे अपस्मारासारखा झटका येण्याचा धोका वाढतो आणि तो येण्याआधी शरीर सूचना देईलच असं नाही. जमिनीवर झटका आला तर माणूस वाचतो. पाण्याखाली तोंडातला, हवा देणारा रेग्युलेटर सुटला की संपलं. म्हणून ३२ टक्क्यांना कमाल खोली ३३ मीटर आणि ३६ टक्क्यांना २८. हे गणित आमच्या इन्स्ट्रक्टरने प्रत्येकाकडून कागदावर करून घेतलं, मोबाइल बाजूला ठेवायला लावून. वयाने माझ्याहून लहान मुलगा, मला ‘ताई’ म्हणायचा, पण उत्तरात दशांश चुकला की ताईचीही गय नव्हती.

या कोर्सचं प्रात्यक्षिक छोटं असतं, पण माझ्या मते सगळ्या यादीत तेच सगळ्यात शिस्तीचं आहे. ते मी पुढे अंदमानात केलं. सिलिंडर भरणाऱ्याने त्यावर ३२ लिहिलं असलं तरी तो आकडा मानायचा नाही. ऑक्सिजन ॲनालायझर आधी साध्या हवेवर लावून २०.९ वर आणायचा. मग सिलिंडरचा व्हॉल्व्ह अगदी किंचित उघडून वायूची मंद धार सेन्सरवर सोडायची आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबायचं. घाई केली तर तो खोटं बोलतो. मग टेपच्या पट्टीवर टक्केवारी, कमाल खोली, तारीख आणि आपलं नाव लिहून ती सिलिंडरला चिकटवायची, रजिस्टरमध्ये सही करायची आणि डाइव्ह कॉम्प्युटरमध्ये तोच आकडा भरायचा. जो सिलिंडर आपण स्वतः तपासला नाही तो पाठीवर घ्यायचा नाही. बडीने, म्हणजे जोडीदार डायव्हरने, तपासला असला तरी नाही. माझ्या सिलिंडरवर ३१.४ आलं. मी कॉम्प्युटरवर ३१ टाकलं आणि कमाल खोलीसाठी मात्र ३२ चाच आकडा धरला. दोन्हीकडे चूक सुरक्षित बाजूला पडावी, ही या कोर्सची शिकवण.

बॉयन्सीचा पहिला भाग मुंबईतल्या एका पूलवर झाला. मुंबईत सिलिंडर घेऊन उतरू देणारा आणि पुरेसा खोल पूल मिळवणं हीच अर्धी लढाई असते. आम्हाला मिळाली ती पहाटेची वेळ, पोहण्याच्या शिकवणीची पोरं यायच्या आत. खोल कडेला आम्ही तळाशी, आणि वर जलतरणाच्या आजोबांचे एकामागून एक हात. एक आजोबा प्रत्येक फेरीला थांबून चष्मा लावून खाली बघायचे.

पाण्यात स्थिर लटकणं हे बघायला काहीच नाही आणि करायला अतोनात कठीण. सगळा खेळ फुप्फुसांचा आहे. एक लिटर हवा जास्त घेतली की पाणी साधारण एक किलोने आपल्याला वर ढकलतं, आणि मोठ्या श्वासात तीन-चार लिटर सहज जातात. गंमत अशी की परिणाम ताबडतोब दिसत नाही. श्वास घेतल्यावर क्षणभर काहीच घडत नाही आणि मग शरीर हळूच वर निघतं. नवशिका त्या क्षणात घाबरून बीसीडीचं, म्हणजे हवा भरायच्या जाकिटाचं, बटण दाबतो आणि मग वर-खाली चालूच राहतं. इन्स्ट्रक्टरने आमचे हात छातीशी बांधायला लावले आणि बटणाला हात लावायची मनाईच केली. “श्वासाने जा, श्वासाने या,” एवढंच. उभी रिंग, आडवी रिंग, तळाला न शिवता त्यातून जाणं. फिनने लादी खरडली की तो वरून सिलिंडरवर टकटक करायचा. त्या टकटकीचा मला धाक बसला होता.

मग वजनं. नवीन लोकांना पटकन बुडवता यावं म्हणून अनेक ठिकाणी कमरेला सढळ हाताने शिसं बांधतात. ते जड होतं म्हणून माणूस बीसीडी फुगवतो, पाय खाली लोंबतात, शरीर तिरपं होतं, आणि तिरप्या शरीराला पाणी कापायला दुप्पट दम लागतो. माझी हवा लवकर संपण्याचं कारण बऱ्याच अंशी हेच निघालं. योग्य वजनाची तपासणी अशी: बीसीडी पूर्ण रिकामं, श्वास नेहमीएवढा, हालचाल बंद, आणि पाण्याची पातळी डोळ्यांसमोर यायला हवी, श्वास सोडला की खाली जायला हवं. ही तपासणी भरलेल्या सिलिंडरवर केली तर वर दोनेक किलो धरावे लागतात, कारण आतली हवा वापरली की ॲल्युमिनियमचा सिलिंडर तेवढा हलका होतो आणि वर येण्याआधीच्या शेवटच्या थांब्याला, सेफ्टी स्टॉपला, माणूस फुग्यागत वर निघतो. शिवाय पूलचं पाणी गोडं. समुद्राचं पाणी त्याहून अडीच टक्के जड, म्हणजे सगळ्या सामानासकट नव्वद किलोच्या डायव्हरला समुद्रात सव्वादोन किलो जास्त लागतात. मी हे आकडे लॉगबुकच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवले आहेत: कुठला सूट, कुठलं पाणी, किती शिसं.

नेव्हिगेशनसाठी मालवण. इथे माझा इन्स्ट्रक्टर आणि इतर बरेच लोक यांच्यात मतभेद आहेत. इतरांचं म्हणणं, सगळे कोर्स अंदमानात एकदमच उरका, पाणी स्वच्छ, डोळ्यांचं पारणं फिटतं. आमचा इन्स्ट्रक्टर म्हणाला, ताई, जिथे वीस मीटर लांबचं दिसतं तिथे कंपास कशाला शिकायचा? डोळेच वाट दाखवतात. मी त्याचं ऐकलं आणि कोकणकन्येने कुडाळला उतरले. मालवणला अनेकजण येतात ते किल्ल्याजवळच्या पर्यटकांच्या उथळ डाइव्हसाठी, आणि तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबाची प्रशिक्षण संस्थाही आहे. पावसाळ्यात हे सगळं बंद असतं आणि हंगामातही पाण्याचा भरवसा नाही.

आमच्या होडीवाल्या काकांनी सकाळीच जाहीर केलं, “ताई, काल रातभर वारो होतो. रेती वर इली हा. खाली कायएक दिसाचा नाय.” इन्स्ट्रक्टरचा चेहरा उजळला. मला तो क्षणभर दुष्टच वाटला.

खाली गेल्यावर काकांचं म्हणणं शब्दशः खरं ठरलं. आठेक मीटर खोली आणि हात लांब केल्यावर त्यापुढे दोन हात दिसेल तेवढंच. हिरवट दूध. आधी अंतर मोजायला शिकलो: ३० मीटरची दोरी तळावर अंथरायची आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आपले किती किक सायकल होतात ते मोजायचे. डावा पाय पुन्हा खाली आला की एक. जपमाळेचे मणी ओढावेत तसे ते मनात ओढत राहायचे आणि मधे कुठलाही विचार येऊ द्यायचा नाही. मग कंपास. तो दोन्ही हातांनी छातीसमोर, आडवा आणि सपाट धरायचा. जरा कलला की आतली तबकडी अडकते. मधली रेघ शरीराच्या रेघेत हवी. पुढे जायचं, १८० अंश फिरून परत यायचं. मग चौकोन: प्रत्येक कोपऱ्याला ९० अंश मिळवायचे आणि प्रत्येक बाजूला तेवढेच किक. उतरण्याआधी होडीवरून सिंधुदुर्गाच्या तटाचं आणि मालवणच्या धक्क्याचं बेअरिंग, म्हणजे कंपासवरची दिशा, घेऊन पाटीवर लिहिलं होतं. १६६४ ते १६६७ या काळात बांधलेला तो तट माझ्यासारख्या नवशिक्या डायव्हरला बेअरिंगपुरता उपयोगी पडेल, असं बांधणाऱ्यांच्या मनातही आलं नसेल.

एकजण कंपास बघतो तेव्हा दुसरा खोली, वेळ आणि हवा बघतो. हे वाटप मला फार आवडलं. कंपास बघणाऱ्याला दुसरं काही दिसतच नाही, त्यामुळे बडीवर विश्वास ठेवण्यावाचून गत्यंतर नसतं. आणि सगळ्यात अवघड भाग गणिताचा नव्हताच. तिसऱ्या बाजूला वळल्यावर आतून ओरडून कुणीतरी सांगतं की आपण चुकीच्या दिशेला चाललो आहोत, होडी डावीकडे आहे. सुई सांगते, सरळ. गढूळ पाण्यात वर-खाली सोडून कुठलीच दिशा शरीराला कळत नाही, तरी मन छातीठोकपणे खोटी दिशा सांगत राहतं. सुईचं ऐकायचं. चौथी बाजू संपता संपता नांगराचा दोर समोर आला, जरा उजवीकडे, पण हाताला लागेल एवढा. प्रवाहाने तेवढं ढकललं होतं. वाळूवरच्या लाटांच्या रेघा बहुतेकदा किनाऱ्याला समांतर असतात आणि कंपास बिघडला तर त्यांच्यावरूनही किनारा कुठे याचा अंदाज येतो, हेही त्या दिवशी शिकलो. दिसायला तेवढंच होतं, म्हणून नीट बघितलं.

डीपसाठी मात्र अंदमानाला पर्याय नव्हता. स्वराज द्वीपला, म्हणजे जुन्या हॅवलॉकला, डिक्सन्स पिनॅकलसारखे खडक तीस मीटरच्या आसपास जातात. इथे दोन कोर्स एकमेकांच्या आड येतात, हे पॅकेज विकताना कुणी सांगत नाही. डीपचं कार्ड ४० मीटरचं, तीच हौशी डायव्हिंगची शेवटची मर्यादा. आणि ३२ टक्क्यांचा नायट्रॉक्स ३३ ला थांबतो. म्हणून त्याखाली जायचं तर साधी हवा, आणि ४० मीटरला टेबलप्रमाणे जेमतेम ९ मिनिटं. नायट्रॉक्स आम्ही कमी खोलीच्या डाइव्हला वापरला.

खाली काय बदलतं ते आकड्यांत आधी बघितलं होतं. ३० मीटरवर दाब ४ बार, त्यामुळे प्रत्येक श्वासाला चौपट हवा. वर मिनिटाला २० लिटर घेणाऱ्याला तिथे ८० लागतात. नेहमीच्या सिलिंडरमधली बावीसशे लिटर हवा राखीव न ठेवता मोजली तरी सत्तावीस मिनिटांत संपेल. म्हणून पाच मीटरवर सेफ्टी स्टॉपच्या जागी एक जादा सिलिंडर रेग्युलेटरसकट टांगून ठेवतात. मी मुद्दाम लाल नेलपॉलिश लावून गेले होते. खाली बोटं काळपट तपकिरी दिसत होती. टॉर्च मारला की पुन्हा लालभडक. पाणी लाल रंग सगळ्यात आधी गिळतं.

नार्कोसिसची, म्हणजे खोलवरच्या नशेची, चाचणी गमतीची असते. पाटीवर विखुरलेले आकडे क्रमाने बोटाने दाखवायचे, एकदा होडीवर आणि एकदा खाली. मला खाली जास्त वेळ लागला आणि ते जाणवलंही. माझ्या बडीला मात्र आपण विजेच्या वेगाने केलं असं वाटत होतं. इन्स्ट्रक्टरच्या घड्याळाचं म्हणणं निराळं होतं. खोलवरच्या नायट्रोजनची नशा अशीच असते, झिंगलेल्याला ती कळत नाही आणि थोडं वर आलं की उतरते. नायट्रॉक्सने ती टळते असं मानू नये, असंही आम्हाला निक्षून सांगितलं होतं.

रेकचा कोर्स मी अजून केलेला नाही. गोव्याच्या ग्रँडे बेटाजवळ बुडालेली जहाजं बाहेरून बघितली, तेवढ्यावर समाधान आहे. आत शिरण्यासाठी दोर, रीळ आणि गाळ न उडवता पाय मारण्याची सवय लागते. मासे ओळखण्याच्या कोर्सला माझा विरोध नाही, पण त्यासाठी चांगलं पुस्तक आणि बोलका गाइड पुरतो. पाच स्पेशालिटी, रेस्क्यू आणि ५० डाइव्ह झाले की मास्टर स्कूबा डायव्हर हा किताब मिळतो, म्हणून काही मंडळी सोपे सोपे पाच उरकतात. कुणाचं काय, कुणाचं काय. कोर्स घ्यायच्या आधी मी आता दोनच गोष्टी विचारते: इन्स्ट्रक्टरसोबत पाण्यात किती विद्यार्थी असतील, आणि एखादी गोष्ट जमली नाही तर ती पुन्हा करून घेणार का, की डाइव्ह झाली म्हणजे कार्ड झालं? दुसऱ्या प्रश्नाला उत्तर देताना जो अडखळतो, त्याच्याकडे जात नाही.

परतीचा हिशेबही आधीच करावा लागतो. उंचीवर दाब कमी होतो आणि नायट्रोजनच्या बुडबुड्यांचा धोका वाढतो, म्हणून अनेक डाइव्ह झाल्यावर विमानात बसण्याआधी किमान १८ तास जायला हवेत, त्यामुळे अंदमानचा शेवटचा दिवस कोरडाच धरायचा. मालवणहून मुंबईला रेल्वेने येताना ही कटकट नाही. पण आमच्यातलं एक जोडपं कोल्हापूरचं होतं. त्यांना इन्स्ट्रक्टरने त्याच संध्याकाळी गाडीने आंबोली घाट चढू दिला नाही. ३०० मीटरच्या वरचा प्रदेश डायव्हिंगमध्ये उंचीवरचा धरतात आणि आंबोली त्याच्या दुपटीहून उंच आहे. ती दोघं कुरकुरत मालवणला एक रात्र जास्त राहिली आणि सोलकढी पीत बसली.

पुढचा कोर्स रेस्क्यू. तो स्पेशालिटी नाही, पण ज्यांना विचारलं त्या सगळ्यांचं ज्या एका कोर्सवर एकमत झालं तो हाच. त्यासाठी प्रथमोपचार आणि सीपीआरचं प्रशिक्षण गेल्या २४ महिन्यांत झालेलं असावं लागतं, आणि ते मुंबईत बसून, समुद्र बंद असताना होतं. जूनच्या बॅचमध्ये नाव घातलंय. बडीला विचारलं नाही, त्याचंही घातलंय.